हेरातची लेक, डेन्मार्कची खेळाडू : नादिया नदीम



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तहांची कलमे उभी राहतात. वर्गात मीही तेच शिकवतो, कारण क्रमिक पुस्तकात तेच असते. परंतु राज्ये उलथतात तेव्हा एखाद्या घरातील पाच बहिणींचे काय होते, हाही इतिहासच आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना झाली तेव्हा मी एका फुटबॉल खेळाडूचे चरित्र निवडले. ही खेळाडू स्त्री आहे, आपल्या समाजात जन्मलेली आहे आणि पदवीने डॉक्टर आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले, ते प्रथम सांगतो. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या क्रीडादिनी आठवीतली एक मुलगी सर्वांच्या पुढे धावली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिचे नाव यादीत घातले. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील शाळेत आले. सज्जन गृहस्थ, कष्टाळू, मुलीच्या शिक्षणाबद्दल आस्था असलेले. म्हणाले, "सर, तिचं नाव काढा. आता मोठी झाली. खेळ पुरे झाला, अभ्यासाकडे लक्ष देऊ द्या." मी नाव काढले. वाद घातला नाही, एक प्रश्नही विचारला नाही. ती मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. अभ्यास हवा तर खेळ सोडला पाहिजे, हे तिच्या वडिलांनी गृहीत धरले होते आणि शिक्षक असून मीही तेच गृहीत धरले. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी पुढील हकीगत वाचावी, ही विनंती.

नादिया नदीमचा जन्म २ जानेवारी १९८८ रोजी अफगाणिस्तानातील हेरात येथे झाला. हे शहर इतिहासाच्या विद्यार्थ्याला परके नाही. पंधराव्या शतकात तैमूरच्या घराण्यातील गौहरशाद या राणीने तेथे मशीद आणि मदरसा बांधविला. बिहजादसारखा चित्रकार तेथेच नावारूपाला आला. दिल्ली जिंकण्याच्या वीस वर्षे आधी, १५०६ मध्ये, बाबर हेरातला गेला होता आणि तेथील वैभवाने चकित झाला होता. म्हणजे विद्या आणि कला यांची शिदोरी बांधलेले हे शहर. आणि त्याच्या जुन्या विद्यालयावर एका स्त्रीचे नाव आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नादियाच्या जन्माच्या वेळी मात्र देश युद्धात होता. १९७९ च्या डिसेंबरात शिरलेले सोव्हिएत सैन्य १९८९ च्या फेब्रुवारीत परत गेले. १९९२ मध्ये नजिबुल्ला यांचे सरकार कोसळले आणि निरनिराळ्या गटांत यादवी माजली. १९९५ मध्ये हेरात आणि सप्टेंबर १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. मुलींच्या शाळा बंद झाल्या. स्त्रियांना नोकरी करण्यास आणि पुरुष नातेवाइकाच्या सोबतीशिवाय घराबाहेर पडण्यास मनाई झाली.

नादियाचे वडील सैन्यात जनरल होते आणि आई शाळेची मुख्याध्यापिका. घरात पाच मुली, मुलगा एकही नाही. वडिलांना खेळाची आवड. त्यांनीच एके दिवशी घरी चेंडू आणला आणि मुलींना तो मारायला शिकवले. ज्या काळात मुलीने रस्त्यावर जोराने हसणेही धोक्याचे होते, त्या काळात एक बाप आपल्या अंगणात मुलींशी फुटबॉल खेळत होता. नादियाच्या कारकिर्दीचा आरंभ शोधायचा तर तो या अंगणात शोधावा लागेल.

२००० साली तालिबानने वडिलांना बोलावून नेले आणि ठार मारले. ते परत येणार नाहीत हे घरच्यांना कळायलाही कित्येक महिने लागले. पालकहो, आता त्या माऊलीची स्थिती ध्यानात घ्या. कर्ता पुरुष गेला. नोकरी करण्यास बंदी. बाहेर पडायचे तर सोबतीला पुरुष हवा, आणि घरात एकही पुरुष नाही. पाच मुलींना शाळा नाही. भाकरीसाठी बाहेर पडणे हाच गुन्हा ठरला तर मनुष्याने करावे काय? तिने घरातील चीजवस्तू विकली आणि देश सोडण्याचे ठरविले. मुलींना घेऊन ती लपतछपत पाकिस्तानात आली. तेथून बनावट पासपोर्टवर सर्वजणी विमानाने इटलीत उतरल्या. पुढे एका मालमोटारीत बसून निघाल्या. आपण लंडनला पोहोचणार, असे त्यांना सांगण्यात आले होते. कित्येक तासांनी गाडी थांबली आणि त्या खाली उतरल्या, तर आसपास झाडेच झाडे! तो देश इंग्लंड नव्हता, डेन्मार्क होता.

बनावट पासपोर्टचे समर्थन मी करीत नाही. पण मागे मृत्यू आणि पुढे पाच मुलींचे आयुष्य असताना त्या आईपुढे दुसरी कोणती वाट खुली होती, याचा विचार वाचकांनीच करावा.

डेन्मार्कमध्ये या कुटुंबाला निर्वासितांच्या छावणीत जागा मिळाली. छावणीला लागूनच फुटबॉलची मैदाने होती. बारा वर्षांच्या नादियाने तेथे काय पाहिले? तिच्याच वयाच्या मुली बूट घालून, पायमोजे चढवून फुटबॉल खेळत होत्या आणि त्यांना कोणी हटकत नव्हते! मुली क्लबात जाऊन खेळतात हे तिला ठाऊकच नव्हते. काही दिवस तिने बाहेरून पाहिले. मग धीर करून प्रशिक्षकाला विचारले, मला खेळता येईल का? उत्तर होकारार्थी आले.

येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारू या. डेन्मार्कच्या त्या मैदानात मुली आल्या कोठून? युरोपात स्त्रिया पहिल्यापासून मोकळेपणाने खेळत होत्या, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. इंग्लंडचेच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत कामाला लागलेल्या मुलींनी फुटबॉलचे संघ काढले. प्रेस्टन येथील डिक-कर कारखान्याचा संघ त्यांत सर्वांत नावाजलेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक आले होते. एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना शोभत नाही असे सांगून आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० बंदी होती. ब्राझील हा फुटबॉलवेडा देश; तेथे १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना हा खेळ कायद्याने वर्ज्य होता.

डेन्मार्कमध्येही स्त्रियांचे फुटबॉल कोणी आयते दिले नाही. १९७१ मध्ये मेक्सिकोत स्त्रियांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफाची तिला मान्यता नव्हती. अंतिम सामन्यात अझ्टेका स्टेडियमवर लाखाच्या आसपास प्रेक्षक होते आणि डेन्मार्कच्या मुलींनी यजमान मेक्सिकोला ३-० असे हरविले. तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसन या शाळकरी मुलीने केले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने स्त्रियांच्या खेळाला आपल्या कार्यात जागा दिली. अशा रीतीने जे दार उघडले, त्यातून २००० नंतर हेरातची एक पितृहीन मुलगी आत गेली. विद्यार्थी मित्रांनो, यातून एवढे ध्यानात घ्या की दारे माणसेच बंद करतात आणि माणसेच उघडतात. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, कोणताही समाज याला अपवाद नाही.

आता तिची कारकीर्द पाहू. आघाडीची खेळाडू म्हणून आल्बोर्ग, व्हिबोर्ग आणि आर्हुस या भागांतील क्लबांतून खेळत ती पुढे आली. २०१२ मध्ये फॉर्चुना योरिंग या अग्रगण्य संघात दाखल झाली. दरम्यान वयाची अठरा वर्षे उलटल्यावर तिला डेन्मार्कचे नागरिकत्व मिळाले. परंतु देशाकडून खेळायचे तर फिफाचा नियम आडवा आला. दुसऱ्या देशातून आलेल्या खेळाडूने अठराव्या वर्षानंतर पाच वर्षे त्या देशात वास्तव्य केलेले असावे, असा तो नियम. पण बारा वर्षांची असताना आलेल्या निर्वासित मुलीला हा नियम कसा लावायचा? डेन्मार्कच्या संघटनेच्या कायदेतज्ज्ञांनी तो प्रश्न लावून धरला आणि फिफाने तिच्या बाबतीत अपवाद केला. २००९ च्या मार्चमध्ये पोर्तुगालातील अल्गार्व्ह चषकात अमेरिकेविरुद्ध ती डेन्मार्ककडून प्रथम खेळली. पुढे नागरिकत्व मिळवून डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात आलेली ती पहिली खेळाडू होय. त्यानंतर ती या संघाकडून सुमारे शंभर सामने खेळली.

२०१४ मध्ये ती अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये स्काय ब्ल्यू संघात गेली आणि अवघ्या सहा सामन्यांत सात गोल केले. २०१६ मध्ये पोर्टलंड थॉर्न्स संघाने तिला घेतले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघाचे सर्वाधिक गोल तिचेच होते, आणि २०१७ मध्ये पोर्टलंडने लीगचे अजिंक्यपद मिळविले.

त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. उपउपान्त्य फेरीत डेन्मार्कची गाठ जर्मनीशी पडली. जर्मनीने त्यापूर्वी लागोपाठ सहा वेळा ही स्पर्धा जिंकलेली. आदल्या सायंकाळी रॉटरडॅममध्ये इतका पाऊस कोसळला की सामना दुसऱ्या दिवसावर गेला. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला. उत्तरार्धाच्या आरंभी नादियाने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली आणि पुढे डेन्मार्कने तो सामना २-१ असा जिंकला. ६ ऑगस्ट रोजी एन्स्खेडे येथे अंतिम सामन्यात सहाव्याच मिनिटाला पेनल्टी किकवर पहिला गोल तिनेच केला. सामना यजमान नेदरलँड्सने ४-२ असा जिंकला, तरी डेन्मार्कच्या स्त्रियांनी मिळविलेले हे उपविजेतेपद त्या देशात फार गाजले.

मात्र टाळ्या आणि पगार या दोन गोष्टी निरनिराळ्या असतात. उपविजेतेपदानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच या खेळाडूंना वेतनाच्या आणि सेवाशर्तींच्या प्रश्नावर संघटनेशी भांडावे लागले. नेदरलँड्सशी ठरलेला मैत्रीपूर्ण सामना रद्द झाला. ऑक्टोबरमधील स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामनाही झाला नाही आणि तो स्वीडनच्या नावे ३-० असा लिहिला गेला. त्यानंतर चार वर्षांचा करार झाला. अमेरिकेतील लीगचीही तीच कथा. २०१३ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा खेळाडूचे किमान वेतन संपूर्ण हंगामास ६,००० डॉलर होते. २०२२ च्या करारात ते ३५,००० डॉलर झाले. नादियाच्या उमेदीच्या काळात स्त्री-फुटबॉलपटूच्या मिळकतीची ही अवस्था होती.

हे आकडे मी मुद्दाम दिले. आपल्यापैकी कोणी म्हणेल, "खेळून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नादियाने स्वतःच्या आयुष्यात शोधून ठेवले होते. फुटबॉल खेळत असतानाच तिने आर्हुस विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला. शस्त्रक्रिया हे तिचे आवडीचे क्षेत्र. खेळाच्या हंगामातून सवड मिळाली की डेन्मार्कला परतायचे आणि रुग्णालयातील काम व परीक्षा पुऱ्या करायच्या, असा तिचा क्रम. इतरांना जो अभ्यासक्रम सलग करता येतो, तो तिने तुकड्यातुकड्यांनी केला.

यादरम्यान खेळ थांबला नव्हता. २०१८ मध्ये ती मँचेस्टर सिटीकडून खेळली. २०१९ मध्ये पॅरिस सेंट जर्मेन संघात गेली. फ्रान्सची लीग तोवर सलग चौदा वर्षे लियॉन संघाने जिंकली होती. २०२०-२१ च्या हंगामात पॅरिसने ती साखळी तोडली आणि त्या विजयात नादियाचा वाटा मोठा होता. त्यानंतर ती अमेरिकेतील लुईव्हिल संघात गेली. तेथे सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तेहतीस वर्षांच्या खेळाडूला अशी दुखापत झाली की लोक तिची कारकीर्द संपली असेच धरून चालतात. पण चारच महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, तिने वैद्यकीय पदवी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आणि त्याच उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धेसाठी डेन्मार्कच्या संघातही परतली. पाय जायबंदी असताना पुस्तक हाताशी होते, हे तिच्या दूरदृष्टीचे फळ म्हणावे लागेल. पुढे २०२४ मध्ये ती इटलीच्या ए. सी. मिलान संघात दाखल झाली. ज्या इटलीत ती एके काळी खोट्या पासपोर्टवर उतरली होती, त्याच इटलीत ती आता करारबद्ध खेळाडू म्हणून गेली.

तिच्यावर टीकाही झाली. कतारमध्ये २०२२ साली भरलेल्या पुरुषांच्या विश्वचषकाची ती सदिच्छादूत झाली, ते अनेकांना रुचले नाही. चरित्र म्हणजे आरती नव्हे. म्हणून हेही नोंदविले पाहिजे. त्याच स्पर्धेच्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती दूरचित्रवाणीवर समालोचनासाठी कतारला असताना तिची आई डेन्मार्कमध्ये मालमोटारीच्या अपघातात मरण पावली. एका मालमोटारीतून जिने पाच मुलींना सुखरूप पार नेले, तिचा शेवट असा व्हावा, याला काय म्हणावे? पण जाण्यापूर्वी तिने आपली मुलगी डॉक्टर झालेली पाहिली होती.

आता काही पालकांच्या मनातील एका प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. अंग झाकून, डोके झाकून मुलीला हा खेळ खेळता येतो काय? नादिया स्वतः हिजाब वापरत नाही. परंतु ज्या खेळाडू वापरतात, त्यांना फुटबॉलच्या नियमांनीच काही वर्षे अडविले होते. जून २०११ मध्ये अम्मान येथे जॉर्डनविरुद्धच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात इराणच्या संघाला याच कारणाने खेळू दिले नाही. त्यावर जगभर चर्चा झाली, प्रयोग झाले आणि मार्च २०१४ मध्ये डोके झाकून खेळण्यास रीतसर परवानगी मिळाली. ३० जुलै २०२३ रोजी मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून विश्वचषकात खेळणारी पहिली खेळाडू ठरली आणि त्या सामन्यात मोरोक्कोने दक्षिण कोरियाला १-० असे हरविले. येथेही दार प्रथम बंद झाले, मग उघडले. तेव्हा पोशाखाची अडचण आता नियमांकडून राहिलेली नाही.

शेवटी पुन्हा अफगाणिस्तानकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल दुसऱ्यांदा तालिबानच्या हाती गेले. सहावीच्या पुढील मुलींचे वर्ग बंद झाले आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठेही बंद झाली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना देश सोडावा लागला; राष्ट्रीय संघातील खेळाडू ऑस्ट्रेलियात गेल्या, लहान मुलींचा संघ पोर्तुगालात. नादियाला युनेस्कोने २०१९ मध्ये मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाची पुरस्कर्ती म्हणून नेमले आहे आणि ती या प्रश्नावर सतत बोलत असते. तिच्यासारख्या किती नादिया तेथे आज घरात बसून असतील, याची गणती कोण करणार?

पालक बंधुभगिनींनो, आपल्यापुढे तसले संकट नाही. आपल्या मुलींना देश सोडावा लागत नाही, की मालमोटारीत लपावे लागत नाही. शाळा आहे, मैदान आहे, शिष्यवृत्ती आहे. यादीतून नाव काढणारे हात मात्र आपलेच असतात. एक वडिलांचा आणि एक माझ्यासारख्या शिक्षकाचा. मुलीची वाट अडविण्यास दर वेळी सरकारचा हुकूमच लागतो असे नाही. कधी कधी काळजीपोटी उच्चारलेले एक वाक्य पुरेसे होते.

प्रत्येक मुलगी नादिया होईल, असे मी म्हणत नाही. पेनल्टी किक मारणाऱ्या हजार मुलींतून एखादी देशासाठी खेळेल. पण पहाटे उठण्याची सवय, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची ताकद आणि वेळेचा हिशेब या गोष्टी मैदानावर मिळतात आणि परीक्षेच्या दालनात उपयोगी पडतात. नादियाला खेळाने पुस्तकापासून दूर नेले नाही आणि पुस्तकाने खेळापासून दूर नेले नाही. तिच्यामागे चेंडू आणणारा बाप होता, मुलींसाठी सर्वस्व विकणारी आई होती आणि हो म्हणणारा एक प्रशिक्षक होता. ही तीन माणसे आपल्या वस्तीत मिळणार नाहीत काय?

ती मुलगी आता नववीत आहे. वर्गात तिचा क्रमांक पहिल्या पाचांत आहे. म्हणजे तो प्रश्न मुळातच नव्हता. या हिवाळ्यात पुन्हा तालुक्याची स्पर्धा आहे. यादी लिहिण्यापूर्वी मी तिच्या वडिलांना भेटायला त्यांच्या घरी जाणार आहे आणि गेल्या वर्षी जे बोललो नाही ते बोलणार आहे. आपल्यापैकी ज्यांना शंका असेल त्यांनीही एखाद्या सायंकाळी शाळेच्या मैदानावर यावे. सुट्टीच्या घंटेनंतर तासभर मुली खेळतात. शिक्षिका हजर असतात. येऊन स्वतः पाहावे, मुलीलाही विचारावे आणि मगच काय ते ठरवावे.